अरुंद जिप्सीखाली किंगचे ॲक्सल: हे काम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

१९८५ साली आलेली मारुती जिप्सी एमजी ४१० ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांना तिचा एक स्वभाव ठाऊक असतो: गाडी हलकी, कुठेही चढणारी, पण अंगाच्या मानाने पाय अरुंद. पुढच्या दोन चाकांमधले अंतर ११९० मिलिमीटर आणि मागच्या चाकांमधले १२०० मिलिमीटर, त्यामुळे तिरक्या उतारावर ती ज्या बाजूला कलते त्या बाजूला बसलेल्या माणसाचे बोलणे बंद होते. कंपनीनेच १९९३ मध्ये रुंद चाकांतराची एमजी ४१० डब्ल्यू आणली आणि १९९६ मध्ये १२९८ सीसी इंजिनाची जिप्सी किंग, म्हणजे एमजी ४१३ डब्ल्यू. या रुंद गाड्यांचे चाकांतर पुढे १३०० आणि मागे १३१० मिलिमीटर आहे. चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग) तेच आणि चासीवर पाट्यांच्या जागाही त्याच असल्यामुळे किंगचे ॲक्सल जुन्या जिप्सीखाली वेल्डिंगशिवाय बसतात. पाट्यांच्या जुन्या गाडीला नवे ॲक्सल बसवण्याचा जो खटाटोप जगभर चालतो, त्यातला नवख्या माणसाला झेपेल असा आपल्याकडचा प्रकार हाच आहे, असे माझे मत आहे.

माझी गाडी १९८९ सालची आहे. तीन महिन्यांचे म्हणून काढलेले काम अकरा महिने चालले, आणि त्याचे कारण ॲक्सल नव्हते. ॲक्सल पाट्यांना बांधणे हे दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे. उरलेले सगळे दिवस ॲक्सलला लटकलेल्या गोष्टींनी खाल्ले: ब्रेकचे पाइप, टाय रॉड (पुढची दोन चाके एकमेकांना जोडणारा दांडा), शाफ्टचा (इंजिनाची ताकद ॲक्सलपर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) फ्लँज म्हणजे जोडाची चकती, आणि सर्वांत आधी कागद. म्हणून हा लेख नटबोल्टपेक्षा त्या गोष्टींबद्दल अधिक आहे.

१. काय मिळते आणि काय मिळत नाही, ते आधी ठरवा

किंगच्या ॲक्सलमुळे प्रत्येक चाक साधारण ५५ मिलिमीटर बाहेर जाते. गाडी तिरक्या जागी स्थिर राहते आणि वळणावर कमी झुकते. किंगच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आहेत, तेही सोबत मिळतात. माझ्या गाडीला पुढेही ड्रमच होते आणि ओढ्यातून बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन ब्रेक देवाच्या भरवशावर मारावे लागत, त्यामुळे माझ्यासाठी हा लाभ चाकांतराहून मोठा ठरला.

मिळत नाही ती गाडीची उंची. ॲक्सल बदलल्याने गाडी वर उचलली जात नाही, कारण पाटे ॲक्सलच्या खालीच राहतात. पाटे ॲक्सलच्या वर घेण्याचा मोह तुम्हाला कोणीतरी नक्की पाडेल, पण त्यात स्टिअरिंगचा रॉड, ब्रेकच्या होज, शाफ्टचे कोन आणि गाडीचा तोल असे सगळेच बदलते, म्हणून ते दोन्ही एकाच वेळी करू नका. तसेच २०२३ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पाच दारांच्या जिम्नीचे ॲक्सल का लावू नयेत, असेही विचारले जाते. जिम्नीला कॉइल स्प्रिंग आहेत आणि तिच्या ॲक्सलवर आर्म जोडण्याचे ब्रॅकेट असतात. ते कापून पाट्यांच्या बैठका नव्याने वेल्ड कराव्या लागतील, आणि त्या करताना शाफ्टचा कोन व किंगपिनचा कल हे दोन्ही एकदम साधावे लागतील. हाउसिंगवर वेल्डिंगची उष्णता गेली की ते वाकते. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

२. कागद: हे काम पान्याला हात लावण्याआधीचे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात नोंदवलेल्या तपशिलांशी नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकते. परवानगीने केलेला बदल चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावा लागतो.

ॲक्सल त्याच कंपनीचे आणि त्याच गाडीच्या पुढच्या आवृत्तीचे आहेत, ही तुमची जमेची बाजू आहे, पण तीच परवानगी आहे असे समजू नका. काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओ कार्यालयात लेखी अर्ज द्या, त्यात दोन्ही मॉडेलची मापे लिहा आणि पोच घ्या. उत्तर नकारार्थी आले तर गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. खासगी जागेतल्या स्पर्धांसाठी ती ट्रेलरवरून नेणारे लोक आहेत. मला तोंडी ‘करा हो, कोण बघतंय’ असे सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांपैकी एकही जण अपघातानंतर विमा कंपनीसमोर माझ्या बाजूला उभा राहणार नव्हता.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

- नोंदणी प्रमाणपत्र. गाडीला पंधरा वर्षे झाली असतील तर नमुना २५ वर अर्ज करून केलेले पाच वर्षांचे नूतनीकरण चालू असले पाहिजे. ते संपत आले असेल, तर आधी मूळ स्थितीत गाडी तपासून घ्या आणि मगच ती उघडा.
- चालू विमा आणि बदलाबाबत विमा कंपनीला दिलेल्या पत्राची पोच. न कळवलेल्या बदलावरून दावा नाकारला जाऊ शकतो.
- ॲक्सल व इतर भागांची पावती, ज्यावर विकणाऱ्याचे नाव आणि ज्या गाडीचे ते भाग आहेत तिचा क्रमांक असेल. भंगारातल्या मालावर चोरीच्या गाडीची सावली असू शकते आणि पावती नसेल तर ती तुमच्यावर पडते.
- आरटीओला दिलेला अर्ज, त्याचे उत्तर, आणि जुने व नवे ॲक्सल फूटपट्टी लावून काढलेली छायाचित्रे.

३. ॲक्सल शोधणे आणि पारखणे

मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार आहे, पुण्यात जुना बाजार आहे, आणि लष्कराने काढलेल्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात अधूनमधून येतात. कुठूनही घ्या, पण नियम एकच ठेवा: पुढचा आणि मागचा ॲक्सल एकाच गाडीचे, चाकापासून चाकापर्यंत पूर्ण, आणि सोबत त्या गाडीचा टाय रॉड, ड्रॅग लिंक (स्टिअरिंग बॉक्सकडून चाकाकडे येणारा दांडा), शाफ्टचे फ्लँज, ब्रेकचे धातूचे पाइप व होज, बूस्टरसह मास्टर सिलिंडर, आणि चाकांवरच्या रुंद कमानी. हे सगळे एकदम घेताना महाग वाटते. मी ते सुटे सुटे गोळा केले आणि हिशेब केला तेव्हा दीडपट पैसे गेले होते.

त्याहून मोठी चूक मी गुणोत्तरात, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट किती फेरे घेतो त्यात, केली. मागचा ॲक्सल एका ठिकाणाहून घेतला, पुढचा दुसरीकडून, आणि विकणाऱ्याने ‘दोन्ही किंगचेच’ म्हणून सांगितले ते मानले. सुझुकीच्या एसजे ४१० घराण्यात (आपली जिप्सी त्यातलीच) क्राउनला, म्हणजे ॲक्सलमधल्या मोठ्या दातेरी चक्राला, ३७ आणि ते फिरवणाऱ्या लहान पिनियनला ९ दात असतात, म्हणजे गुणोत्तर ४.१११. एसजे ४१३ मध्ये ४१ आणि ११ दात, म्हणजे ३.७२७. माझ्या नशिबी पुढे एक आणि मागे दुसरे आले. टू-व्हीलमध्ये काहीच कळले नाही. पहिल्यांदा फोर-व्हील घातले ते ओल्या मातीत, तेव्हाही गाडी नुसती कुरकुरली. पण मातीतून डांबरावर आलो आणि गाडी कोणीतरी मागून धरल्यासारखी थबकली, टायर चित्कारले, आणि ट्रान्सफर केसचा (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या डब्याचा) दांडा टू-व्हीलमध्ये यायलाच तयार होईना. मागची चाके ११० मीटर जाऊ पाहत होती तेव्हा पुढची १०० मीटरच जाऊ पाहत होती, आणि तो ताण दोन्ही शाफ्टमध्ये पिळून साठला होता. वीस-पंचवीस फूट उलटी घेतल्यावर खट्कन आवाज झाला आणि दांडा सुटला. असे डांबरावर आणखी थोडे चालवले असते तर काहीतरी तुटलेच असते.

हे टाळण्यासाठी दुकानातच गुणोत्तर मोजा. ॲक्सल दोन गुटक्यांवर ठेवा. एका बाजूचे हब सोबतीला घट्ट धरायला सांगा, दुसऱ्या बाजूचे हब बरोबर वीस फेरे फिरवा आणि पिनियनच्या फ्लँजवर खडूची खूण करून त्याचे फेरे मोजा. एक बाजू धरलेली असल्यामुळे हबच्या वीस फेऱ्यांत क्राउनचे दहा फेरे होतात, म्हणून फ्लँजचे साधारण ४१ फेरे आले तर गुणोत्तर ४.१ आणि ३७ आले तर ३.७. पुढच्या ॲक्सलला फ्री-व्हील हब (चाक शाफ्टपासून सोडवता येणारे हब) असतील तर ते आधी लॉक करा, नाहीतर पिनियन हलणारच नाही. दुकानदार हसेल, त्याला हसू द्या.

गुणोत्तर जुन्यापेक्षा लांब, म्हणजे आकड्याने लहान, निघाले तर त्याचा परिणामही समजून घ्या. ९७० सीसीच्या इंजिनाला ३.७२७ जड जाते. माझी गाडी पूर्वी घाटात ज्या चढावर चौथ्या गिअरमध्ये रेटत असे, तिथे आता तिसरा मागते. शिवाय वेगमापक ट्रान्सफर केसवरून चालत असल्याने तो कमी वेग दाखवू लागतो: प्रत्यक्षात ताशी ६० किलोमीटर असताना काटा ५४ च्या आसपास राहतो.

बाकीची पारख अशी करावी. तेलाचा बोल्ट उघडून थोडे तेल तळहातावर घ्या. करडी चिकट पूड चालेल, पण चमचमणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर निघा. तेल दुधाळ असेल तर आत पाणी शिरलेले आहे. पुढच्या नकलच्या (चाक ज्यावर वळते त्या सांध्याच्या) गोळ्यावर ग्रीसऐवजी काळे पातळ तेल ओघळलेले दिसले, तर हाउसिंगच्या टोकाचे सील गेले असून गिअर ऑइल ग्रीसमध्ये मिसळते आहे. एवढ्यावरून ॲक्सल नाकारू नका, भाव कमी करून घ्या. नकल पूर्ण वळवून हब फिरवताना कट्कट् आवाज येत असेल तर आतला जॉइंट झिजलेला आहे, आणि तो स्वस्त नाही. शेवटी हाउसिंग वाकले आहे का ते पाहण्यासाठी दोन्ही टोकांना सुतळी ताणून बांधा आणि नळीपासून तिचे अंतर चार-पाच ठिकाणी मोजा. आडवे एकदा आणि उभे एकदा. लष्करातून आलेल्या गाड्यांनी उड्या मारलेल्या असतात, हे ध्यानात ठेवा.

४. हत्यारे

मजबूत जॅक दोन, आणि चासीखाली लावायच्या चार घोड्या. विटा किंवा दगड लावून गाडीखाली जाऊ नका, वीट न सांगता फुटते. याशिवाय गोटी पान्यांचा पूर्ण संच, टॉर्क पाना, ब्रेक पाइपसाठी खाचेचे पाने, ग्राइंडर, टाय रॉड एंड काढायचा पुलर, ताणकाटा (स्प्रिंगचा वजनकाटा), ओळंबा, सुतळी, खडू, ग्रीस गन आणि गंज सोडवणारे तेल लागेल. मागच्या ॲक्सलमधल्या शाफ्टचे बेअरिंग बदलायचे असेल तर प्रेस लागतो. तेवढे काम वर्कशॉपमधून करून घ्या, कारण बेअरिंगमागची रिंग कापून नवी दाबून बसवावी लागते आणि हातोडीने बसवलेली रिंग पुढे शाफ्टसकट चाक बाहेर सोडू शकते.

५. ॲक्सल जमिनीवरच नवे करा

गाडीखाली गेलेल्या ॲक्सलवर काम करणे म्हणजे उताणे पडून, डोळ्यांत माती घेत, एका हाताने काम करणे होय. म्हणून सील, बेअरिंग, ब्रेक, रंग हे सगळे ॲक्सल बाहेर असतानाच उरका. सील आणि गॅस्केट डोळे झाकून नवी घाला. जुन्या ब्रेक शूच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकते, ती हवेच्या दाबाने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

या टप्प्यात एका गोष्टीवर वेळ घालवणे खरोखर फायद्याचे आहे, ती म्हणजे किंगपिनचा ताठरपणा. पुढचे प्रत्येक चाक वर आणि खाली अशा दोन किंगपिनांवर वळते. त्यांची बेअरिंगे किती दाबात आहेत हे किंगपिनच्या टोपीखालच्या पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) ठरवतात. हा दाब कमी असेल तर खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग हातात थरथरू लागते, आणि मग लोक व्हील बॅलन्सिंग, नवे टायर, नवा डँपर असा खर्च करत फिरतात. तो मोजण्याची रीत सोपी आहे. नकल जोडा, पण गोळ्यावरचे सील, आतला शाफ्ट आणि टाय रॉड जोडू नका. बेअरिंगला ग्रीस असू द्या आणि किंगपिनचे बोल्ट पूर्ण आवळा. मग टाय रॉड एंडच्या भोकात ताणकाट्याचा आकडा अडकवून आर्मशी काटकोनात हळूहळू ओढा आणि नकल हलायला सुरुवात होते त्या क्षणी काटा कुठे आहे ते वाचा. तो १ ते १.८ किलोच्या मध्ये असावा. कमी आला तर एक शिम काढा, जास्त आला तर घाला.

माझ्या डाव्या नकलवर काटा चारशे ग्रॅमलाच सरकला. मिस्त्रींना ते हाताला ‘चांगलं मोकळं’ लागले होते, आणि त्यांच्या तीस वर्षांच्या हाताशी वाद घालायला मला संकोच वाटत होता. दोन शिम काढल्यावर काटा दीड किलोवर आला, तेव्हा त्यांनी काही न बोलता उजव्या बाजूचा ताणकाटा स्वतःच हातात घेतला.

दुसरी बारीक पण आपल्या पावसात महत्त्वाची गोष्ट म्हणजे ब्रीदर. ॲक्सलच्या वरच्या अंगाला हवा जा-ये करण्यासाठी छोटे तोंड असते. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला की आतली हवा आक्रसते, आणि ब्रीदर मातीने बुजलेला असेल तर ती ओढ सीलच्या कडेने पाणी आत घेते. ब्रीदर साफ करा, त्याला तेल सहन करणारी रबरी नळी लावा आणि तिचे टोक पुढे इंजिनाच्या खोलीत व मागे बॉडीच्या वरच्या भागात नेऊन खाली तोंड करून बांधा. दीडशे-दोनशे रुपयांत होणारे हे काम आहे.

६. जुने ॲक्सल उतरवणे

आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. गाडी सपाट, पक्क्या जागी घ्या आणि चासी घोड्यांवर टेकवा. एका वेळी एकच ॲक्सल काढा. दोन्ही एकदम काढलेली गाडी ढकलता येत नाही, आणि मग ती दारात आठवडे उभी राहते. चाके काढण्याआधी चासीपासून पाट्याच्या मध्यापर्यंतचे अंतर चारही ठिकाणी लिहून ठेवा.

शाफ्ट सोडताना फ्लँज आणि शाफ्ट या दोन्हींवर आरपार खूण करा. ब्रेकचा पाइप होजपासून खाचेच्या पान्यानेच सोडा, साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. यू-बोल्ट वाचवण्याच्या फंदात पडू नका: ग्राइंडरने कापा आणि नवे घ्या. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा पकड देत नाही.

यू-बोल्ट सुटले की ॲक्सल पाट्यांवर नुसता टेकून राहतो. तो चाकांच्या दिशेने आडवा सरकवत एका बाजूने बाहेर काढावा लागतो. जड असतो, तेव्हा दोन माणसे आणि जॅक हे तिन्ही हवेत.

७. नवे ॲक्सल बसवणे

पाटे उघडे आहेत तोवर त्यांचे सेंटर बोल्ट तपासा. या बोल्टाचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते आणि ॲक्सल चासीला काटकोनात आहे की नाही हे तेच ठरवते. डोके झिजलेले किंवा बोल्ट वाकलेला असेल तर आत्ताच बदला. ॲक्सल आत सरकवून दोन्ही सेंटर बोल्ट भोकांत बसल्याची बोटाने खात्री करा, नवे यू-बोल्ट घाला आणि चारही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळत न्या. शेवटचा ताण टॉर्क पान्यानेच, कंपनीच्या मापाप्रमाणे द्या. प्रत्येक बाजूच्या चारही नटांच्या बाहेर आलेल्या आट्यांची लांबी सारखी दिसली पाहिजे.

इथे हमखास होणारी चूक अशी की, गाडी घोड्यांवर असतानाच पाट्यांच्या आणि शॅकलच्या (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीच्या) बुशांचे बोल्ट पूर्ण आवळले जातात. रबरी बुश ज्या स्थितीत आवळाल ती स्थिती लक्षात ठेवते. मग गाडी चाकांवर उतरली की ते कायम पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. म्हणून ते बोल्ट हाताने घट्ट करून ठेवा, गाडी चाकांवर उतरवा, चारही कोपरे दाबून हलवा आणि मगच आवळा. दोन्ही ॲक्सल बसल्यावर पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यांमधले अंतर दोन्ही बाजूंनी ओळंब्याने जमिनीवर उतरवून मोजा. जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर आहे. डावी आणि उजवी बाजू तीन-चार मिलिमीटरपेक्षा अधिक वेगळी आली तर एखादा सेंटर बोल्ट भोकाबाहेर आहे.

८. शाफ्ट

जुन्या शाफ्टचा फ्लँज आणि नव्या ॲक्सलचा फ्लँज यांची भोके जुळतीलच असे नाही. म्हणूनच फ्लँज सोबत घ्यायला सांगितले होते. भोके रुंद करून किंवा कातून जुळवू नका. शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस एकाच रेषेत असले पाहिजेत. सरकता भाग वेगळा करून चुकीच्या दातावर घातला तर ठरावीक वेगाला अंगभर थरथर सुरू होते आणि त्याचे खापर ॲक्सलवर फुटते. गाडी चाकांवर असताना सरकत्या भागाला दोन्ही दिशांना जागा उरली आहे ना, तेही पाहा.

९. ब्रेक

पुढे डिस्क लावल्या, पण चारही ड्रमवाल्या गाडीचा जुना मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेकचे तेल ढकलणारा) तसाच ठेवला, तर दोन प्रकारे त्रास होतो. डिस्कच्या मोठ्या पिस्टनला लागणारे तेल तो एका दाबात देऊ शकत नाही, म्हणून पेडल खोल जाते. आणि काही ड्रमच्या सिलिंडरांत पाइपमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे डिस्कचे पॅड घासत राहून चाक तापते. म्हणून मास्टर सिलिंडर किंगचाच घ्या, तोही बूस्टरसकट. मागच्या ब्रेकचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह ज्या गाडीचा ॲक्सल घेतला तिला असेल, तर तोही आणा.

चाके ५५ मिलिमीटर बाहेर गेल्यामुळे जुन्या होज अपुऱ्या पडतात. होज जोडल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवा, तो कोपरा जॅकने उचलून चाक लटकू द्या आणि होज कुठेही ताणत किंवा टायरला घासत नाही हे डोळ्यांनी पाहा. हँडब्रेक काही गाड्यांत ट्रान्सफर केसमागच्या ड्रमवर चालतो, तर काहींत तारेने मागच्या चाकांवर. तुमची गाडी कोणती आहे ते पाहूनच तारा घ्या. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. पेडल कडक झाल्यावर इंजिन चालू ठेवून पूर्ण जोराने दोन मिनिटे दाबून धरा आणि सोबत्याला प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवायला सांगा.

१०. स्टिअरिंग आणि चाकांचा मेळ

रुंद ॲक्सलचा टाय रॉड लांब असतो. जुन्याला तुकडा जोडून लांब करणाऱ्या माणसाच्या गाडीत बसू नका. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे रॉड जागेवरच फिरवून लांबी बदलता येते. गाडी सपाट जागी सरळ उभी करा, प्रत्येक पुढच्या टायरच्या मध्यावर, हबच्या उंचीला, खडूची बारीक रेघ मारा. दोन रेघांमधले अंतर पुढच्या बाजूने मोजा, गाडी अर्धा फेरा पुढे ढकला म्हणजे त्याच रेघा मागे जातील, आणि पुन्हा मोजा. पुढचे माप मागच्यापेक्षा २ ते ६ मिलिमीटरने कमी असावे. त्यानंतर अलाइनमेंटच्या दुकानात नेलेत तरी चालेल, पण तिथवर सरळ जाता येईल एवढे तरी घरी झालेले असते.

स्टिअरिंग व्हील तिरके राहिले तर ते ड्रॅग लिंकवरून सरळ करा, व्हील काढून दुसऱ्या दातावर बसवू नका. तसे केल्यास स्टिअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही आणि एका बाजूला गाडी कमी वळते.

११. तेल, कमानी आणि पहिली फेरी

जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० तेल पुढे साधारण दोन लिटर आणि मागे दीड लिटर बसते. भरण्याच्या भोकातून ओघळेपर्यंत भरा. तेल भरायचा बोल्ट सुटतो याची खात्री करूनच खालचा बोल्ट उघडावा, ही जुन्या मिस्त्रींची शिकवण इथेही लागू आहे. बॉडीबाहेर आलेल्या टायरांवर किंगच्या रुंद कमानी आणि मागे मडफ्लॅप लावा, नाहीतर पहिल्या पावसात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चिखल जातो आणि तुमच्या आरशांवरही.

पहिली फेरी वस्तीबाहेर, रिकाम्या रस्त्यावर, ताशी वीस-तीस किलोमीटरने घ्या. दोन किलोमीटरनंतर थांबून चारही हबांना हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर तिथे बेअरिंग जास्त आवळले आहे किंवा ब्रेक घासतो आहे. फोर-व्हील मातीवरच तपासा; दांडा सहज पडला आणि सहज सुटला पाहिजे, पण गुणोत्तरे जुळल्याची खरी खात्री फेरे मोजूनच होते.

यू-बोल्टचे नट शंभर किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. रंगाचा आणि गंजाचा थर दबून ते हमखास सैल झालेले मिळतात. माझ्या गाडीत पाच नट पाव-पाव फेरा फिरले होते. पाचशे किलोमीटरनंतर तेच पुन्हा करा, आणि त्या वेळी दोन्ही ॲक्सलचे तेलही बदलून टाका.